भुयारी गटारांची नाडीपरीक्षा

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना होता आणि पावसाची झड लागली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मॅनहोलचे झाकण आतल्या पाण्याने उचलले गेले आणि काळे, घाण पाणी रस्त्यावर वाहू लागले. दोन दिवस तक्रारी करून झाल्या. तिसऱ्या दिवशी चार कामगार आले. त्यांच्याजवळ बांबूच्या लांब पट्ट्या, एक दोर, एक बादली आणि एक पहार एवढीच सामग्री होती.

भरलेल्या मॅनहोलमधून त्यांनी पट्ट्या सारून पाहिल्या. उपयोग झाला नाही. मग उताराच्या बाजूचे, तीस-चाळीस पावलांवरचे दुसरे मॅनहोल उघडले. ते जवळजवळ कोरडे होते. त्यांच्यातल्या एकाने सदरा काढून ठेवला, कमरेला दोर बांधला आणि तो आत उतरू लागला. मी छत्री घेऊन शेजारी उभा होतो. न राहवून मी विचारले, "दादा, आत उतरायलाच हवं का?"

तो म्हणाला, "वरून काय कळणार, सर? अडकलंय कुठं, ते पायालाच लागतं."

अर्ध्या तासाने तो सुखरूप वर आला, आमच्या गल्लीतले पाणी ओसरले आणि आम्ही सारे घरोघर गेलो. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. योगायोग असा की, त्याच आठवड्यात मी वर्गात प्रतिध्वनी शिकवत होतो. वरून खरोखरच काही कळत नाही का? या प्रश्नाचे उत्तर आता विज्ञानाजवळ आहे. तेच आज आपण पाहू.

पाण्याचा उलटा वृक्ष

प्रथम भुयारी गटार म्हणजे काय ते समजून घेऊ. एखादे मोठे झाड डोळ्यांसमोर आणा. आपल्या न्हाणीघरातून आणि शौचकूपातून निघणारे बारीक नळ म्हणजे त्याच्या डहाळ्या. त्या गल्लीतल्या फांदीला मिळतात, फांद्या मोठ्या रस्त्याखालच्या जाड फांदीला मिळतात आणि शेवटी सारे पाणी एका प्रचंड खोडातून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. झाडात रस मुळाकडून वर चढतो. इथे मात्र पाणी डहाळीकडून खोडाकडे येते, म्हणून हा उलटा वृक्ष!

या वृक्षात पाणी वाहते ते मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने. नळांना ठरावीक उतार दिलेला असतो. उतार फार कमी झाला तर पाणी रेंगाळते आणि त्यातला गाळ तळाशी बसतो. म्हणून पाण्याचा वेग निदान सेकंदाला सुमारे ०.६ मीटर राहावा, अशा बेताने अभियंते उतार ठरवतात. या वेगात पाणी आपला गाळ आपणच वाहून नेते. जिथे उतार पुरत नाही तिथे पंप बसवून पाणी वर उचलतात आणि पुन्हा उताराला लावतात.

आता एक गंमत पाहा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत पाणी किती आहे हे आपण मोजतो. विजेचा वापर मीटरवर मोजतो. परंतु शहराच्या पोटातून रात्रंदिवस वाहणाऱ्या या पाण्याची कुठे, किती उंची आहे, हे बहुतेक गावांत कोणीही मोजत नाही. ते रस्त्यावर आले की, मगच कळते. जणू रोग्याला ताप चढून तो बेशुद्ध पडला की, मगच वैद्याला बोलावणे!

घड्याळाने खोली मोजणे

मॅनहोलमध्ये पाणी किती चढले आहे हे झाकण न उघडता कसे मोजावे? वटवाघूळ अंधारात ज्या युक्तीने अडथळे ओळखते, तीच युक्ती इथे उपयोगी पडते. मॅनहोलच्या तोंडाशी, झाकणाखाली एक छोटी डबी बसवतात. तिला आपण संवेदक म्हणू. ती आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीचा एक लहानसा ठोका खाली सोडते. तो पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो. जायला-यायला लागलेला वेळ डबीतले घड्याळ मोजते.

आपण गणित करून पाहू. समजा, मॅनहोलची खोली ५ मीटर आहे आणि प्रतिध्वनी २० मिलिसेकंदांनी परत आला. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर २० मिलिसेकंदांत ध्वनी ६.८ मीटर चालला. हे अंतर जाऊन-येऊन आहे. म्हणजे पाणी डबीपासून ३.४ मीटर खाली आहे. पाच मीटरांतून ते वजा केले की, पाण्याची खोली मिळाली १.६ मीटर. आठवीतला विद्यार्थीही हे गणित वहीत करू शकेल.

पण थांबा! हवेचे तापमान वाढले की, ध्वनीचा वेगही वाढतो. शून्य अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. मॅनहोलमधली हवा ३० अंशांवर असेल तर वेग ३४९ मीटर होईल आणि त्याच २० मिलिसेकंदांचा अर्थ ३.४९ मीटर असा निघेल. म्हणजे आपले पहिले उत्तर नऊ सेंटिमीटरने चुकले! म्हणून चांगल्या संवेदकात एक बारीकसा तापमापकही असतो आणि तो ही चूक आपोआप सुधारून घेतो.

दुसरा एक प्रकार तळाशी बसतो आणि पाण्याचा दाब मोजतो. पाण्याची उंची जितकी अधिक, तितका तळावरचा दाब अधिक, हे तुम्ही शिकला आहातच. मात्र तळाशी घाण साचत असल्यामुळे त्याची साफसफाई वरचेवर करावी लागते. वर टांगलेला संवेदक पाण्याला शिवत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मोजलेला आकडा वर कसा पाठवायचा? त्यासाठी रेडिओतरंग आहेत. परंतु लोखंडी झाकणातून रेडिओतरंग आरपार जात नाहीत. लोखंडी डब्यात मोबाइल ठेवून झाकण घट्ट लावले की, त्याची घंटी वाजेनाशी होते, तसेच हे. म्हणून तरंग पाठवणारी अँटेना झाकणाच्या वर येईल अशी सोय करतात, किंवा झाकणच धातूऐवजी दुसऱ्या मजबूत पदार्थाचे करतात. मग तो आकडा जवळच्या खांबावरच्या ग्राहकयंत्राकडे आणि तिथून संगणकाकडे पोहोचतो.

साउथ बेंडची हकीकत

हे सारे कागदावर ठीक आहे, पण प्रत्यक्षात कोणी करून पाहिले आहे काय? होय. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल. तिथल्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचे सुमारे एक लाख वस्तीचे शहर आहे. सेंट जोसेफ नावाची नदी त्यातून वाहते आणि पुढे मिशिगन सरोवराला मिळते.

या शहराचे दुखणे जुने होते. युरोप-अमेरिकेतल्या अनेक जुन्या शहरांत घरातला मैला आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी एकाच नळातून वाहून नेण्याची पद्धत होती. लंडनमध्ये जोसेफ बाझलजेट या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेली प्रसिद्ध गटारे याच पद्धतीची आहेत. कोरड्या दिवसांत हे नळ छान चालतात. पण जोराचा पाऊस आला की, त्यांतले पाणी अनेक पटींनी वाढते. शुद्धीकरण केंद्राला एवढे पाणी पेलत नाही. ते लोकांच्या घरात उलटे शिरू नये म्हणून नळांना नदीकाठी सांडवे ठेवलेले असतात. पाणी ठरावीक उंचीवर गेले की, सांडव्यावरून मैल्यासकट नदीत! साउथ बेंडमध्ये असे दरवर्षी शेकडो कोटी लिटर पाणी नदीत जात होते.

यावर जुना उपाय एकच: नळ मोठे करा, जमिनीखाली टाक्या आणि बोगदे बांधा. लंडनने तेच केले. थेम्स नदीच्या बाजूने २५ किलोमीटर लांबीचा, सुमारे सात मीटर व्यासाचा बोगदा खोदून तो २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू केला. साउथ बेंडनेही २०११ मध्ये सरकारशी करार केला. त्यातल्या कामांचा अंदाज होता ५० कोटी डॉलरांहून अधिक. एक लाख वस्तीच्या गावाला हे ओझे केवढे, याची कल्पना करा.

पण त्याआधीच, २००८ च्या सुमारास, तिथल्या नोटर डेम विद्यापीठातील संशोधकांना आणि नगरपालिकेच्या अभियंत्यांना एक वेगळी गोष्ट सुचली होती. त्यांनी शहरभर मॅनहोलमध्ये शंभराहून अधिक संवेदक बसवले. दर काही मिनिटांनी प्रत्येक संवेदक आपल्या ठिकाणची पाण्याची उंची कळवू लागला. शहराच्या पोटातले चित्र पहिल्यांदाच माणसांना दिसू लागले.

त्या चित्रात दोन आश्चर्ये होती. पहिले असे की, पाऊस नसतानाही काही ठिकाणी सांडव्यांवरून मैला नदीत जात होता. कारण कुठेतरी नळ तुंबलेला होता. हे आता लगेच कळू लागल्याने माणसे वेळेवर तिथे पोहोचू लागली आणि कोरड्या दिवसांतले ओसंडणे जवळजवळ थांबले. दुसरे आश्चर्य त्याहून मोठे होते. भर पावसात एका भागातला नळ ओसंडत असे, त्याच वेळी दुसऱ्या भागातला मोठा नळ अर्धा रिकामा असे! आणि यात नवल ते काय? पाऊस साऱ्या शहरावर सारखा पडत नाही. एका पेठेत धो धो कोसळतो, तर दुसऱ्या पेठेत नुसता शिडकावा.

नळांची मंडई

मग अभियंत्यांनी पुढचे पाऊल टाकले. नऊ ठिकाणी संगणकाच्या हुकमाने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या झडपा बसवल्या. ज्या नळात जागा आहे तिथले पाणी झडप मिटून थोडा वेळ थोपवून धरायचे आणि जो नळ गळ्यापर्यंत भरला आहे त्याला आधी वाट करून द्यायची. पाऊस ओसरला की, थोपवलेले पाणी हळूहळू सोडून द्यायचे.

कोणती झडप किती उघडायची, हे संगणक कसे ठरवतो? त्याची रीत बाजारासारखी आहे. मंडईत भाजीचा लिलाव होतो, तेव्हा ज्याला माल जास्त निकडीने हवा असतो तो बोली चढवतो. इथे शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या मुख्य नळातली मोकळी जागा हा माल. प्रत्येक शाखा-नळ म्हणजे गिऱ्हाईक. ज्या शाखेतले पाणी सांडव्याच्या काठाला टेकले आहे, तिची निकड मोठी, म्हणून तिची बोली मोठी. जिच्यात अजून जागा आहे, ती थांबू शकते. दर काही मिनिटांनी हा लिलाव नव्याने होतो. त्यात पैसा फिरत नाही, फिरतात ते केवळ आकडे. पण त्यामुळे मोकळी जागा नेहमी सर्वांत गरजवंताला मिळते.

फळ काय मिळाले? नदीत ओसंडणाऱ्या पाण्यात सुमारे ७० टक्क्यांची घट झाली. म्हणजे वर्षाला सुमारे १०० कोटी गॅलन, आपल्या मापाने जवळजवळ ३८० कोटी लिटर मैलापाणी नदीत जायचे थांबले. नदीतल्या ई-कोलाय या जिवाणूंचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. हे जिवाणू मैल्याबरोबर येतात, म्हणून त्यांची संख्या ही घाणीची खूण मानतात. पुढे शहराने हे आकडे सरकारपुढे मांडले आणि २०२१ मध्ये जुन्या करारात बदल होऊन पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी खर्चाची योजना मंजूर झाली. नळ तेच होते, जमीन तीच होती. भर पडली होती ती माहितीची.

गटारात संगणक ही कल्पना मात्र अगदी नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्याच सिअ‍ॅटल शहरात १९७० च्या दशकात असा प्रयोग झाला होता. पण तेव्हा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले महागडे यंत्र. आज त्याहून समर्थ संगणक तळहातावर मावतो. जुन्या कल्पनेला नवी साधने मिळाली, एवढेच.

आपल्याकडे काय?

मुंबईत मैल्याचे नळ आणि पावसाच्या पाण्याचे नाले वेगवेगळे आहेत. त्यामुळे साउथ बेंडची युक्ती तिथे जशीच्या तशी लागू पडणार नाही. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माहितीचे मोल मुंबईला फार महागात कळले. त्यानंतर शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले. कुठे किती पाऊस पडतो आहे, हे त्यांच्यामुळे काही मिनिटांत कळते. आकाशातून काय येते हे पर्जन्यमापक सांगतो, जमिनीखाली काय चालले आहे हे सांगायला मात्र गटारातला संवेदकच हवा.

आणि आपल्याकडे त्याची गरज अमेरिकेपेक्षाही अधिक आहे. ती नदीसाठी तर आहेच, पण त्याहीपेक्षा माणसासाठी आहे. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण हा वायू मोठा कपटी आहे. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की, आपले नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते, हवा स्वच्छ झाली. प्रमाण आणखी काही पटींनी वाढले तर माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो. अशा बातम्या तुम्ही वर्तमानपत्रात वाचल्या असतील.

माणसाला असे धोकादायक रीतीने गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. तरीही माणसे उतरतात. का? कारण शेवटच्या क्षणी दुसरा मार्ग उरलेला नसतो.

आता आमच्या गल्लीकडे परत येऊ. वरचे मॅनहोल काठोकाठ भरलेले आणि खालचे कोरडे. म्हणजे अडथळा या दोहोंच्या मध्ये, हे त्या दिवशी झाकणे उघडताच दिसत होते. त्या दोन ठिकाणी दोन संवेदक असते तर? नळ एका दिवसात तुंबत नाही. कागद, चिंध्या, तेलकट थर असे सारे आठवडाभर साचत जाते. वरच्या मॅनहोलमधली पातळी रोज चार बोटे चढताना दिसली असती. त्या वेळी नळ पुरता बंद झालेला नव्हता. जोरदार फवाऱ्याच्या गाडीने तो रस्त्यावरूनच साफ करता आला असता. म्हणजे लवकर कळणे याचा अर्थ केवळ सोय नव्हे. लवकर कळले की, कोणालाही आत उतरावे लागत नाही!

आणि अडथळा फारच हट्टी निघाला तर? त्यासाठी केरळातल्या तरुण अभियंत्यांनी बनवलेला 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव २०१८ पासून तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला आहे. बँडिकूट म्हणजे आपली घूस. या घुशीला कॅमेरा आहे आणि घाण उपसायला पोलादी हात आहे. ती चालवणारा माणूस वर, रस्त्यावर, उघड्या हवेत उभा असतो.

अर्थात यंत्रे बसवली की, काम संपले असे नाही. संवेदकावर कोळी जाळे विणतो, पाण्याची वाफ साचते, बॅटरी संपते. त्याची निगा राखावी लागते. आणि संगणकाने इशारा दिला तरी तो वाचून गाडी पाठवणारा माणूस जागा असावा लागतो. नाडी पाहिली, पण औषधच दिले नाही, तर रोगी बरा कसा होणार?

घरी करून पाहा

प्लॅस्टिकच्या तीन पारदर्शक बाटल्या घ्या. त्यांची वरची तोंडे कापून टाका. पहिल्या दोन बाटल्यांना बुडाजवळ भोक पाडून त्यात रबरी नळीचे तुकडे घट्ट बसवा. तिसऱ्या बाटलीच्या बुडाला नुसते भोक पाडा. आता बाटल्या जिन्याच्या तीन पायऱ्यांवर एकीखाली एक ठेवा. पहिलीची नळी दुसरीत सोडा, दुसरीची तिसरीत आणि तिसरीखाली एक परात ठेवा. पहिल्या बाटलीत बारीक धारेने पाणी सोडत राहा. तिन्ही बाटल्यांत पाणी स्थिर झाले की, पातळीच्या खुणा करा. मग मित्राला सांगा की, माझी पाठ वळली असताना कोणतीही एक नळी अर्धवट चिमटीत धर. थोड्या वेळाने वळा आणि त्याच्या हाताकडे न पाहता, केवळ पातळ्या पाहून, कोणती नळी दाबली आहे ते ओळखा. त्याने नळी पुरती बंद करण्याआधी तुम्हाला ओळखता येते का, हेही पाहा. मात्र रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलजवळ कोणीही जायचे नाही, वाकूनही पाहायचे नाही.

हा प्रयोग तुम्हाला साधला, तर त्या कामगाराच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतःच दिलेत असे समजा. वरून पुष्कळ कळते. फक्त आपण मोजायला हवे, आणि तेही वेळेवर.